बंदूक हवी, पण गोळी कोणती?

मंचरहून भीमाशंकरकडे निघालेला रस्ता घोडेगाव मागे टाकून शिनोलीला येतो, तेव्हा समोर सह्याद्रीची रांग जवळ आलेली असते. घोड नदीचे खोरे सोबतीला असते आणि वरच्या अंगाला डिंभ्याचे धरण. याच आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळच्या बाबू गेनूने १९३० साली मुंबईत विदेशी मालाची मोटार अडवताना देह ठेवला. डिंभ्याच्या जलाशयाला त्याच हुतात्म्याचे नाव आहे. या पाण्याने खोऱ्याचे रूप पालटले. जिथे एक पीक निघण्याची भ्रांत होती तिथे बारमाही ऊस उभा राहिला, आणि उसामागोमाग बिबट्या आला. दाट सावली, जवळ पाणी, वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरे. बिबट्याला याहून अधिक काय हवे? आंबेगाव, जुन्नर, शिरूर आणि खेड या चार तालुक्यांत आता बिबट्यांच्या अशा पिढ्या आहेत, ज्या उसाच्या फडातच जन्मल्या आणि ज्यांनी डोंगरातले रान कधी पाहिलेलेही नाही.

ऑक्टोबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यापासून अवघ्या तीन आठवड्यांत शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात गेली. दोन मुले आणि एक वृद्धा. लोकांचा संताप अनावर झाला, पुणे–नाशिक महामार्ग रोखला गेला. गळ्याभोवती खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जाणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली आणि शहरातल्या वाचकाने ती पाहून हळहळ व्यक्त केली. परंतु ज्याच्या अंगणातून लेकरू उचलले जाते, त्याचे समाधान हळहळीने होत नाही. म्हणूनच शिनोलीपासून शिरूरपर्यंत पारावर बसलेल्या माणसांच्या तोंडी एक मागणी पुन्हा पुन्हा येते. शासनाला जमत नसेल तर शेतकऱ्याला बंदूक द्या.

ही मागणी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. आत्मरक्षण हा माणसाचा स्वाभाविक हक्क आहे आणि जो समाज शस्त्राच्या नुसत्या नावाने दचकतो, तो फार काळ स्वाभिमानाने जगू शकत नाही. मात्र शस्त्र मागणाऱ्याने एका प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. बंदूक कोणती, आणि तिच्यात भरायचे काडतूस कोणते? दर विजयादशमीला घरोघरी शस्त्रांची पूजा होते, हळद-कुंकू वाहिले जाते. पण पिस्तुलाची गोळी आणि रायफलीची गोळी यांत फरक काय, असे विचारले तर सुशिक्षित घरातही बहुधा चित्रपटातले उत्तर मिळते. पडद्यावर नायकाच्या पिस्तुलातून गोळी सुटते आणि शंभर पावलांवरचा खलनायक जागीच कोसळतो. उसाच्या फडात तसे घडत नाही.

काडतूस ही मुळात साधी वस्तू आहे. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला आघाताने पेट घेणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारूचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे रेटतो. पुण्याच्या सीमेवरील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात १८६९ पासून हे काम चालू आहे. आज तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग आहे. भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यातही सैन्यासाठी रायफलीची काडतुसे बनतात. म्हणजे ज्या महाराष्ट्रात काडतुसाविषयी एवढे अज्ञान आहे, तोच देशाला काडतुसे पुरवतो.

पिस्तूल आणि रायफल यांतला खरा भेद नळीच्या लांबीत आणि दारूच्या स्वभावात आहे. पिस्तुलाची नळी वीतभरसुद्धा नसते. तेवढ्या अंतरात गोळीला जो काही वेग द्यायचा तो देऊन मोकळे व्हावे लागते. म्हणून तिची दारू झटकन जळणारी, पुंगळी आखूड व सरळ, आणि गोळी जाड व बोथट. रायफलीची नळी साधारण एक ते दीड हात लांब. तिच्यात सावकाश जळणारी दारू पुष्कळ प्रमाणात भरता येते आणि वायू गोळीला शेवटपर्यंत रेटत राहतो. तिची पुंगळी बाटलीसारखी, खाली रुंद आणि गळ्याशी निमुळती असते. गोळी लांबट आणि टोकदार असते, म्हणजे हवेचा अडथळा कमी होऊन ती दूरवर वेग टिकवून धरते.

आकड्यांत पाहिले म्हणजे हा भेद डोळ्यांत भरतो. पोलिसांच्या ९ मिलिमीटर पिस्तुलाची गोळी सुमारे ८ ग्रॅम वजनाची. एके-४७ रायफलीची गोळीही जवळजवळ तेवढ्याच वजनाची. पहिली सेकंदाला साधारण ३५० ते ३६० मीटर वेगाने निघते, दुसरी ७१५ मीटर वेगाने. वेग दुप्पट झाला तर शक्ती चौपट होते, हा शाळेत शिकवलेला नियम. त्यामुळे पिस्तुलाच्या गोळीत ५०० ज्यूलच्या आसपास शक्ती असते, तर एके-४७ च्या गोळीत २,००० ज्यूल. ५०० ज्यूल म्हणजे पन्नास किलोचे पोते मीटरभर उचलायला लागणारी शक्ती. सैन्यातील इन्सास रायफलीची ५.५६ मिलिमीटरची गोळी अवघी ४ ग्रॅमची, पिस्तुलाच्या गोळीच्या निम्म्या वजनाची. पण ती सेकंदाला ९०० मीटर वेगाने जाते आणि १,६०० ज्यूलहून अधिक शक्ती बाळगते. शिवाय वेगवान गोळी शरीरात शिरताना भोवतालच्या भागालाही जबर धक्का देते. पिस्तुलाची गोळी मात्र मुख्यतः तिच्या वाटेत येईल तेवढेच फाडते. मग पिस्तूल ठेवायचेच कशाला? कारण ते कमरेला लावून दिवसभर वावरता येते. रायफल खांद्यावर घेऊन वाहतूक नियंत्रण होत नाही. पिस्तूल हे अडीअडचणीचे, हाताच्या अंतरावरचे शस्त्र आहे आणि तेवढ्यापुरते ते उत्तम आहे.

अधिक शक्ती म्हणजे अधिक चांगली गोळी, असा समज यातून कोणी करून घेऊ नये. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले. त्याच्या रायफलीत होती .२२ ची गोळी. वजन अडीच ग्रॅमच्या किंचित वर, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास, शक्ती जेमतेम १४० ज्यूल. गंमत अशी की २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तेही याच .२२ च्या काडतुसावर. रायफल आणि पिस्तूल या दोन्हींत चालणारे हे एकच काडतूस. नेमबाजाला शक्ती नकोच असते, त्याला हवी असते समानता. शंभर गोळ्या झाडल्या तर शंभरही एकाच वाटेने गेल्या पाहिजेत, कारण ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे. म्हणून स्पर्धेच्या गोळीचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या आत ठेवतात, म्हणजे ती वाटेत ध्वनीची सीमा ओलांडताना डळमळत नाही. एकाच कारखान्याच्या एकाच जातीच्या गोळ्यांतही घाण्यागणिक फरक पडतो. त्यामुळे नेमबाज वेगवेगळे घाणे आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जो जुळेल त्याचाच साठा करतात. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी ज्या १० मीटर एअर रायफलीत देशाचे नाव केले, तिची शिशाची गोळी तर अर्ध्या ग्रॅमची, आणि तिच्यात सातआठ ज्यूलच शक्ती. त्या गोळीने पदक मिळते, पण कोल्हाही हटायचा नाही.

युद्धाचे गणित वेगळे आणि पोलिसांचे आणखी वेगळे. येथे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीची आठवण टाळता येत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांनी एके-४७ रायफलींतून बेछूट गोळीबार केला आणि पन्नासहून अधिक निरपराध माणसे मारली. त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या पोलिसांपैकी काहींच्या हाती जुन्या .३०३ रायफली होत्या, काहींकडे पिस्तुले आणि अनेकांच्या हाती केवळ काठी. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे तेथे धारातीर्थी पडले. पुढे गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी उघड्या हातांनी शत्रूच्या रायफलीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या, पण अतिरेकी जिवंत पकडून दिला. त्या शौर्यापुढे कोणाही भारतीयाचे मस्तक नम्र होते.

त्यानंतर मात्र चर्चेने एक सोपी वाट पकडली. .३०३ जुनाट, म्हणून ती कुचकामी, आणि म्हणून पोलीस हरले. यातले अर्धेच खरे आहे. .३०३ ची गोळी ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७४० मीटर, शक्ती ३,१०० ज्यूल. म्हणजे एके-४७ च्या गोळीच्या दीडपट! गोळी कमजोर नव्हती. कमजोरी होती ती दर गोळीनंतर हाताने खिट्टी मागेपुढे ओढण्यात, आणि त्याहून अधिक, वर्षानुवर्षे पुरेसा सराव न मिळालेल्या हातांत. समोरचा शत्रू चाप दाबून धरतो आणि तीस गोळ्यांचे मॅगझिन काही क्षणांत रिकामे करतो. अशा वेळी दहा गोळ्यांच्या खिट्टीच्या रायफलीने उत्तर देणारा शिपाई कितीही शूर असला तरी काळाच्या शर्यतीत मागे पडतो. आणखीही एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. गर्दीच्या फलाटावर .३०३ ची गोळी एका देहातून आरपार जाऊन मागच्या निष्पापाला लागू शकते. तेव्हा शहरातील पोलिसाला हवे असते ते थांबवणारे, पण पलीकडे न जाणारे काडतूस आणि ते झाडण्याचा नित्य सराव. नवी शस्त्रे विकत घेणे सोपे असते, कारण त्यांचे उद्घाटन करता येते. सरावासाठी झाडलेल्या काडतुसांचे उद्घाटन होत नाही, म्हणून त्यांची तरतूद नेहमी अपुरी राहते.

गोळी आरपार जावी की आत थांबावी, हा वाद जुना आहे आणि त्याचे एक टोक भारतातच आहे. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत इंग्रजांच्या लक्षात आले की .३०३ ची नवी, कडक धातूच्या आवरणाची गोळी माणसातून सरळ निघून जाते आणि घायाळ झालेला पठाण धावत येतच राहतो. तेव्हा कोलकात्याजवळच्या दमदम येथील शस्त्रागारात अशी गोळी तयार झाली, की जिच्या टोकाचे शिसे उघडे असे. शरीरात शिरताच ती फुलत असे आणि जखम भयंकर होत असे. तीच जगभर कुप्रसिद्ध झालेली दमदम गोळी. १८९९ साली हेग येथील परिषदेने युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरण्यास बंदी केली. ती जिथे घडली त्या भूमीतल्या माणसांवर ती कोणाच्या आज्ञेने चालवली गेली, हे सांगायला नकोच. पण नियतीचा खेळ असा की युद्धात निषिद्ध ठरलेली हीच फुलणारी गोळी शिकारीत योग्य मानली जाते आणि अनेक देशांचे पोलीसही तिचाच एक प्रकार वापरतात. कारण सरळ आहे. ती लक्ष्यातच थांबते. जनावर तडफडत दूर जाऊन मरत नाही आणि मागच्या माणसाला धोका कमी राहतो.

आता पुन्हा शिनोलीच्या शिवारात यावे. बिबट्या काही हत्ती नव्हे. पूर्ण वाढलेला नर पन्नास ते सत्तर किलोचा, कातडी पातळ, हाडे हलकी. त्याला मारायला प्रचंड शक्तीची रायफल लागत नाही. रुद्रप्रयागच्या ज्या नरभक्षक बिबट्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे खाल्ली, त्याला जिम कॉर्बेटने मे १९२६ मध्ये टिपले ते .२७५ च्या मध्यम रायफलीने. पण त्या एका गोळीमागे कित्येक महिन्यांचा पाठलाग, झाडावरच्या मचाणावर बसून काढलेल्या रात्री आणि आयुष्यभर रानात तयार झालेला नेम होता. परवान्याच्या कागदाबरोबर यातले काहीच मिळत नाही.

सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळते काय? सैन्याच्या जातीची शस्त्रे त्याला निषिद्ध आहेत. बहुतेक अर्जदारांच्या मनात असते ते रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारे .३२ चे. त्याचा मान गावात मोठा आहे. लग्नाच्या वरातीत आणि निवडणुकीच्या फेरीत ते कमरेला शोभून दिसते. परंतु त्याच्या गोळीची शक्ती दीडशे ज्यूलच्या आसपास, म्हणजे स्वप्नील कुसाळेच्या .२२ च्या गोळीपेक्षा फारशी अधिक नाही! अंधारात, कंदिलाच्या वा मोबाइलच्या उजेडात, घाबरलेल्या हाताने झाडलेली अशी गोळी बिबट्याला लागलीच, तर तो बहुधा मरणार नाही. जखमी होऊन उसात शिरेल. जखमी बिबट्याहून धोकादायक प्राणी या खोऱ्यात दुसरा नाही, आणि तो दुसऱ्या दिवशी गोळी झाडणाऱ्याला शोधत येत नाही. तो उसतोडीच्या टोळीवर झेप घेतो, नाहीतर गवत कापणाऱ्या बाईवर. एकाच्या कमरेच्या शोभेची किंमत अशी भलत्यालाच मोजावी लागते.

बारा बोअरची बंदूक त्या मानाने कितीतरी बरी. तिच्या एका काडतुसात अनेक मोठे छर्रे असतात आणि वीस-पंचवीस मीटरच्या आत ते एकत्र बसतात. जुने शिकारी जखमी बिबट्याच्या मागावर झुडपात शिरताना तीच बंदूक हाती घेत. तिची काडतुसे तर खडकीतच बनत आली आहेत. छर्रे फार दूर जात नाहीत, हा वस्तीच्या दृष्टीने तिचा मोठा गुण. परंतु अंतर वाढले की ते पांगतात आणि पुन्हा तोच जखमी बिबट्याचा प्रसंग उभा राहतो. राहिली .३१५ ची शिकारी रायफल. तिच्यात शक्ती आहे, पण तिची गोळी चुकली तर ती काही किलोमीटर जाते. या भागातली घरे गावठाणात एकवटलेली नाहीत. ती शेताशेतांत विखुरलेली आहेत. उसाच्या पानांआड दिसलेल्या हालचालीवर झाडलेली गोळी पलीकडच्या वस्तीवर कोणाच्या ओटीवर जाऊन पडेल, हे झाडणाऱ्याला ठाऊक नसते. पाचटातून जाताना ती दिशाही बदलू शकते. आणि ती हालचाल बिबट्याचीच होती, बारे धरायला आलेल्या शेजाऱ्याची नव्हती, याची खात्री रात्री कोण देणार?

कायद्याची बाजूही लक्षात घ्यावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बिबट्याला पहिल्या अनुसूचीत ठेवले. तो मानवी जिवाला धोकादायक ठरला आणि त्याला पकडणे, भूल देणे वा हलवणे शक्य नाही अशी खात्री झाली, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही, अशी तरतूद कलम ११ मध्ये आहे आणि ती योग्यच आहे. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे बिबट्या शोधून मारण्याचा परवाना नव्हे. शिवाय निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे सहसा पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. बिबट्याला आचारसंहिता लागू नसते!

मग भुलीची बंदूक हे उत्तर आहे काय? शहरातल्या प्राणिप्रेमींना तसे वाटते, आणि येथे त्यांचेही अज्ञान पारावरच्या माणसापेक्षा कमी नाही. भुलीच्या बंदुकीतून गोळी सुटत नाही, औषधाने भरलेली सुई सुटते. ती मुद्दाम मंद वेगाने जाते. वेग वाढला तर सुईच प्राण्याला इजा करील. म्हणून तिचा पल्ला थोडा, वाऱ्याने ती वाट सोडते आणि ती मांडीच्या किंवा खांद्याच्या भरदार स्नायूतच बसली पाहिजे. बसल्यावरही औषध चढायला कित्येक मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात बिबट्या उसात दिसेनासा होतो, किंवा उलटून अंगावर येतो. नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात पिंपरखेडला हेच घडले. वनविभागाने नरभक्षक ठरलेल्या बिबट्याचा रात्री ड्रोनच्या साहाय्याने माग काढला आणि आधी भुलीचा प्रयत्न केला. तो फसला, प्राणी चवताळला आणि मग सोबतच्या नेमबाजांना गोळी झाडावी लागली. दोन प्रकारची शस्त्रे आणि ती चालवणारे कसलेले हात एकाच वेळी जागेवर होते, म्हणून आणखी एक बळी टळला. याच्या उलट, यवतमाळ जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा भुलीचा प्रयत्न खरोखर आधी झाला होता काय, यावरूनच वादंग माजले. त्यात वनविभागाच्या विश्वासार्हतेचे मोठे नुकसान झाले.

पिंपरखेडच्या रात्रीतून घ्यायचा धडा निराळा आहे. तेथे नेमबाज बोलवावे लागले, ते तीन माणसे गेल्यानंतर. जुन्नर वनविभागात अनेक वर्षे हा प्रश्न पेटलेला असताना मध्यम रायफल, फुलणारी गोळी, रात्रीची दुर्बीण, भुलीची बंदूक आणि पशुवैद्य यांसह सज्ज असे पथक तालुक्यातालुक्यांत कायमचे का नसावे? पुणे जिल्ह्यात निवृत्त सैनिकांची उणीव नाही, बालेवाडीला नेमबाजीचे राष्ट्रीय दर्जाचे मैदान आहे, खडकीला काडतुसांचा कारखाना आहे. शिनोलीचा शेतकरी स्वतःसाठी रिव्हॉल्व्हर मागतो, तेव्हा प्रत्यक्षात तो या पथकाची उणीव बोलून दाखवत असतो. त्याच्या हाती .३२ देऊन शासनाने मोकळे होणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बिबटे उचलून दुसरीकडे नेऊन सोडा, हा उपाय तर याच भूमीत तपासून झाला आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात पकडलेले बिबटे मोठ्या संख्येने इतरत्र सोडले गेले. संशोधकांनी नंतर नोंदी तपासल्या तेव्हा आढळले की माणसांवरील हल्ले पूर्वी वर्षाला सरासरी चार होत, ते त्या काळात सतरावर गेले. घर सुटलेला आणि पिंजऱ्याने बिथरलेला प्राणी नव्या जागी अधिक उपद्रवी ठरतो. माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवलेले बिबटे आयुष्यभर पिंजऱ्यात राहतात आणि तेथील जागेला मर्यादा आहे. उसात मात्र नवी पिल्ले जन्मतच असतात. त्यांच्या संख्येचा प्रश्न धोरणाने सोडवावा लागेल, मग त्यात नसबंदी असो वा कठोर निर्णय. तो निर्णय घेण्याचे धैर्य राजधानीतल्या कार्यालयांनी दाखवायचे आहे. त्याचा भार एकट्या शेतकऱ्याच्या बोटावर आणि चापावर टाकता येणार नाही.

तोपर्यंत एक गोष्ट शासनाला आजही करता येईल आणि तिच्यासाठी एकही काडतूस लागत नाही. या खोऱ्यातला शेतकरी रात्री उसात शिरतो तो हौसेने नव्हे. कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत येते, म्हणून त्याला हातात विजेरी आणि काठी घेऊन बारे धरायला जावे लागते. नेमका तोच वेळ बिबट्याचा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि खेड तालुक्यांतील बिबट्याप्रवण गावांना दिवसाची वीज द्यावी, ही मागणी बंदुकीच्या मागणीहून जुनी आहे. शिनोलीच्या चावडीवर ती पुन्हा मांडली जाईल तेव्हा रिव्हॉल्व्हरच्या अर्जांची चळत बाजूला सारून तिच्यावर गावातल्या प्रत्येक घराची सही घ्यावी. विजेची पाळी बदलण्याचा अधिकार कोणत्याही वन्यजीव रक्षकाकडे नाही. तो वीज कंपनीकडे आहे, आणि तिचे कार्यालय दिवसा उघडे असते.